मार्गरीट झाल्यावर

मार्गरीटच्या फुलाचा जांभळा रंग पाकळ्यांचा नसतो. तो पाकळ्यांभोवतीच्या कोरड्या, कागदासारख्या पानांचा असतो. खरं फूल त्यांच्या आत लपलेलं, पिवळट पांढरं आणि इतकं बारीक, की बघायला भिंग लागतं. म्हणून हे बटणाएवढं फूल तोडल्यावर कोमेजत नाही. वर्गात दाखवायला नेलेलं एक फूल माझ्या टेबलाच्या खणात राहून गेलं होतं. पुढच्या वर्षी सापडलं तेव्हा त्याचा रंग तसाच होता, फक्त वजनाला ते हलकं झालं होतं.

आमच्या घराच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना आईने हीच फुलं लावली आहेत. अंगणात बाकी काहीही चालतं. मिरच्या आहेत, आलं आहे, लिंबाचं झाड आहे. गुलाब मात्र चालत नाही.

आमच्या गावात माणूस जन्मतःच एकतर गुलाबाचा असतो किंवा मार्गरीटचा. दोन मंडळं, दोघांचे आपापले संत, आपापला सण. गुलाबाचा सण ऑगस्ट सरता सरता येतो, मार्गरीटचा ऑक्टोबरच्या मध्यावर. दोन्हीकडे राजा आणि राणी असतात, गमतीचे खटले चालवायला न्यायाधीश असतो, पोलीस असतात, नर्स असतात. एरवी हीच माणसं केळीच्या बागेत राबत असतात नाहीतर मिनीबस चालवत असतात. फरक एवढाच, की गुलाबवाले गाताना डोलतात, पाय आपटतात, फेर धरतात. आम्ही मार्गरीटवाले खुर्चीत ताठ बसून गातो. ते आम्हाला 'न पेटवलेल्या मेणबत्त्या' म्हणतात. आम्ही त्यांना 'उतू गेलेलं दूध' म्हणतो.

आई मार्गरीटची मुख्य गायिका. गाण्याची पहिली ओळ तिची, मग ती सगळ्यांनी उचलायची. मी मंडळातली नर्स आहे. मिरवणुकीत कोणाला भोवळ आली तर त्याला सावलीत नेऊन कपाळाला बे रम, म्हणजे थंडावा देणारा सुगंधी अर्क, चोळणं हे माझं काम. बाकी वर्षभर मी मिकू गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते.

आणि तेलेस्फोर इपॉलीत गुलाबवाले. लहानपणापासून मी त्यांना तोंतों, म्हणजे काका, म्हणते. ते खाली खाडीपाशी राहतात. आयुष्यभर त्यांनी झाडाचे ओंडके कोरून होड्या केल्या. आता गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे ओंडक्यावर बसून दुसऱ्यांच्या चुका सांगतात. त्यांची बायको जाऊन बराच काळ झाला. माझे वडील गेले त्याच्याही आधीची गोष्ट. दर रविवारी चर्चमधला मिसा सुटला की ते चढण चढून आमच्याकडे येतात, हातात कधी मासा, कधी नीरफणस. पायरीवर बसतात. आई त्यांना कोको चहा देते आणि म्हणते, "मार्गरीटच्या फुलांना पाय लावू नकोस." ते म्हणतात, "फुलं कुठायत? मला वाटलं शर्टाची बटणं सांडलीत."

तीन वर्षांपूर्वी कोळ्यांच्या सणाला, पाद्री होड्यांवर पवित्र पाणी शिंपडत असताना, त्यांनी आईला लग्नाचं विचारलं. मी शेजारीच छत्री धरून उभी होते. आई होड्यांकडे बघत म्हणाली, "गुलाब होऊन जाऊ दे."

गुलाब झाला. तोवर मार्गरीटच्या तालमी रंगात आल्या होत्या. आई म्हणाली, आता डोक्यात दुसरं काही नको. मार्गरीट झाली, तर मृतांचा सण तोंडावर आलेला. कबरींवर मेणबत्त्या लावायच्या दिवसांत लग्नाचं कोणी बोलतं का? मग डिसेंबरातला दिव्यांचा सण, मग नाताळ, मग नवं वर्ष, मग स्वातंत्र्यदिन, आणि तो होतो न होतो तोच ईस्टरच्या आधीचे उपास. आमच्या बेटावर सणांची माळ कुठे तुटत नाही. एखादी गोष्ट पुढे ढकलायचीच असेल, तर माणूस नुसत्या कॅलेंडरच्या आधाराने म्हातारा होऊ शकतो.

आमची शेजारीण मा तितीन, म्हणजे तितीनबाई, आईला म्हणायची, "ऑनोरीन, उद्या शेवटचा न्याय करायला देव खाली उतरला तरी तू त्याला म्हणशील, बाबा, एवढं ईस्टर होऊ दे."

"त्याला घाई नसेल," आई म्हणायची. "तुझ्यासारखा रिकामा नाही तो."

या वर्षी गुड फ्रायडेला तितीन आणि तोंतों आमच्याकडेच होते. त्या दिवशी भर दुपारी आमच्याकडे पाण्याच्या ग्लासात अंड्याचा पांढरा भाग सोडतात आणि ग्लास उन्हात ठेवतात. हळूहळू पांढरे धागे वर चढतात, आकार धरतात. चर्च दिसलं तर लग्न, जहाज दिसलं तर प्रवास, शवपेटी दिसली तर कोणी मोठ्याने बोलत नाही. मी दर वर्षी सांगते, की पाणी तापलं की त्यातली हवा सुटते आणि बुडबुडे ते धागे वर ओढतात, यापलीकडे त्यात काही नाही. दर वर्षी सगळे शांतपणे ऐकून घेतात आणि माझ्या नावाचाही एक ग्लास ठेवतात.

तितीनने तोंतोंच्या ग्लासापुढे वाकून बराच वेळ पाहिलं. "जहाज," ती म्हणाली. "शिडासकट."

"चर्चचा मनोरा आहे तो," तोंतों म्हणाले.

"जन्मभर होड्या केल्यास आणि शीड आणि मनोरा यातला फरक कळत नाही?"

आई स्वयंपाकघरातून माशाच्या भज्यांची ताटली घेऊन आली होती. तिने ताटली ठेवली, तो ग्लास उचलला आणि लिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकला. "चिलटं बसली होती त्यावर," ती म्हणाली. मी समोरच होते. एकही चिलट नव्हतं.

ते जहाज कुठे निघालं होतं ते मला ऑगस्टमध्ये कळलं. गुलाबाच्या सणाला सगळी मिरवणूक चर्चमधून निघून रस्त्याने नाचत येत होती. आई रस्त्याच्या कडेला, तिच्या ठरलेल्या आंब्याखाली, हाताची घडी घालून उभी होती. मार्गरीटची मुख्य गायिका गुलाबाच्या मिरवणुकीत पाऊल टाकत नाही, पण कडेला उभं राहून बघायला बंदी नाही. तोंतोंनी लाल पट्टा बांधला होता. हातात बियांचा खुळखुळा. गुडघे दुखतात म्हणून ते कमरेच्या वरच तेवढं नाचत होते. आमच्यापाशी आल्यावर त्यांनी आईकडे बघून खुळखुळा एकदा जोरात वाजवला. आईने मान दुसरीकडे वळवली, पण ओठ आवळून धरायला तिला कष्ट पडले, ते मी पाहिलं.

नंतर मी भाजलेली कणसं घ्यायला गेले, तिथे ते मला गाठून म्हणाले, "सेलेस्त, माझी मुलगी मर्लीन मला विलायतेला, लूटनला बोलावतेय. गुडघ्याचं ऑपरेशन तिकडे करू म्हणते. खोली रंगवून ठेवलीय. थंडी वाढायच्या आत ये, नाहीतर मग येऊ नकोस, असं म्हणाली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मृतांच्या सणाआधी कळवतो म्हटलं. एकदा गेलो, की खालचं घर पुतण्याला द्यायचं. परत यायला जागा ठेवायची नाही. या वयात दोन घरं कोण सांभाळणार?"

"आईला सांगितलंत?"

"आज सकाळीच."

"मग?"

"मार्गरीट झाल्यावर बघू म्हणाली." ते हसले. "मी म्हटलं, ऑनोरीन, मार्गरीट झाल्यावर बघायला मी इथे नसेनही. तर म्हणते, जाताना चष्मा मात्र विसरू नकोस."

"तुम्हाला जायचंय का, तोंतों?"

त्यांनी खुळखुळा कानापाशी नेऊन हळूच हलवला, जणू आतल्या बिया मोजून घेत होते. "मर्लीन म्हणते तिकडेही नीरफणस मिळतो," ते म्हणाले. "दुकानात. कापलेला, प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फात घातलेला. आता तूच सांग."

त्यानंतरचे आठवडे आई तालमींना जात राहिली आणि घरी मुकाट्याने काम करत राहिली. रविवारी तोंतों येत, कोको चहा पीत, जात. लूटनचा विषय दोघंही काढत नसत. सणाच्या आदल्या दुपारी मी माझा नर्सचा पांढरा पोशाख इस्त्री करत होते. आई तिच्या जांभळ्या झग्याची बाही शिवत होती. मला राहवलं नाही.

"आई, तुला तोंतों नको असतील तर तसं सांगून टाक. त्यांना टांगून ठेवू नकोस."

"नको असं कोण म्हणालं?"

"मग?"

तिने बाहीला टाका घातला. मग म्हणाली, "आपल्या गावात नवराबायकोचं फूल एक असतं."

"असा नियम कुठे लिहिलाय?"

"लिहिला असता तर कोणीतरी खोडला असता." तिने दोरा दाताने तोडला. "तुझे बाबा गेले तेव्हा सगळं मार्गरीट घरी आलं होतं. आठवतंय? खुर्च्या कमी पडल्या, तर माणसं अंगणात भिंतीला टेकून गायली. शवपेटीवर आपलं फूल होतं. मंडळ पुढे, मागे बँड. मला एकटीला चालावं लागलं नाही. आता त्याच्याशी लग्न केलं तर मला गुलाबाची व्हावं लागेल. म्हणजे मी मेले की माझ्यासाठी कोण गाईल? गुलाबवाले? मी जन्मभर त्यांना उतू गेलेलं दूध म्हटलंय."

"मग तोंतोंना मार्गरीटचे होऊ दे."

"त्याची आई गुलाबाची मुख्य गायिका होती. ती गेली तेव्हा अख्खं गाव लाल झालं होतं. त्याला मी म्हणू, की बाबा, आईला सोड?" तिने झगा झटकला. "त्याने आजवर मला तसं कधी म्हटलं नाही. मीही म्हणणार नाही."

"आई, मेल्यावर कोण गाईल म्हणून जगताना एकटं राहायचं?"

"तू शाळेत मुलांना असंच बोलतेस का?"

"हो."

"मग ती नापास होणारच," आई म्हणाली आणि झगा घेऊन आत गेली.

मार्गरीटच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. मिसा झाला, मिरवणूक झाली. राजाराणी छत्रीखाली, आम्ही नर्स मागे, त्यामागे पोलीस. त्यात मा तितीन, खाकी शर्ट, कमरेला लाकडी दंडुका. मिरवणुकीत एकालाही भोवळ आली नाही, त्यामुळे माझी बे रमची बाटली भरलेलीच राहिली. जेवणं उरकली आणि सगळे सभागृहात आपापल्या खुर्च्यांवर बसले. खिडक्यांतून दुपारचं ऊन येत होतं.

तोंतों आले तेव्हा पहिलं गाणं संपलं होतं. परक्या मंडळाच्या माणसालाही आमच्या सणाला येता येतं, फक्त राजाराणीला मुजरा केल्याशिवाय बसायचं नाही. त्यांनी करड्या रंगाचा सूट घातला होता आणि अंगावर लाल रंगाचा ठिपकाही नव्हता. त्यांनी दोन्ही सिंहासनांपुढे, गुडघ्यांना जमेल तेवढं, वाकून मुजरा केला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने पुढच्या गाण्याची पहिली ओळ दिली.

ते गाणं जुनं आहे, सावकाश चालीचं. आईचा आवाज आता पूर्वीसारखा उंच जात नाही, पण जिथे जातो तिथे हलत नाही. आम्ही ओळ उचलली. ताठ, हात मांडीवर. मी दाराकडे तोंड करून बसले होते, म्हणून मला दिसलं. आधी तोंतोंची टाच उचलली गेली. मग गुडघा. त्यांनी गुडघ्यावर हात दाबून तो थांबवला, तर ते सगळं वर खांद्यांत गेलं. दुसऱ्या कडव्याला ते किनाऱ्याला बांधलेल्या होडीसारखे डोलत होते, डोळे मिटून.

तितीन उठली. सभागृहाच्या मधून चालत गेली आणि तिने त्यांच्या खांद्यावर दंडुका टेकवला. गाणं थांबलं.

आमचे न्यायाधीश म्हणजे मिनीबसवाला ग्रेगॉर. कापसाच्या केसांचा टोप त्याला मोठा होतो, सारखा कानावर येतो. त्याने तो मागे सारला. "आरोप?"

"डोलणे, साहेब," तितीन म्हणाली. "मार्गरीटच्या सभागृहात, मार्गरीटच्या सणाला, दिवसाढवळ्या."

"आरोपीला काही म्हणायचंय?"

"मी डोललो नाही, साहेब," तोंतों म्हणाले. "खुर्चीचा एक पाय आखूड आहे."

"पोलीस, खुर्ची तपासा."

तितीन खुर्चीत बसली, पुढेमागे हलली, उठली. "खुर्चीचे चारही पाय ठीक आहेत, साहेब. बिघाड आरोपीच्या पायांत आहे."

"नर्स," ग्रेगॉर माझ्याकडे वळला. "तुम्ही शास्त्र शिकलेल्या आहात. या गृहस्थाला हा आजार कधीपासून आहे?"

मी उभी राहिले. "जन्मापासून, साहेब. आईकडून आलेला आहे. औषध नाही."

सगळे हसले. राणीने पंखा तोंडावर धरला. ग्रेगॉरने टेबलावर हातोडी आपटली. "गुन्हा सिद्ध. शिक्षा कैदेची, मृतांचा सण होईपर्यंत. आणि कैद्याला बेट सोडून कुठेही जाता येणार नाही. लूटन धरून."

पुन्हा हशा झाला, या वेळी मोठा. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं.

"जामिनावर सुटता येईल," ग्रेगॉर पुढे म्हणाला. "पण आरोपी परक्या फुलाचा आहे. तेव्हा जामीन त्याच्या घरच्याच माणसाने द्यायचा."

मी लहानपणापासून मंडळात आहे. असा नियम मी कधी ऐकलेला नव्हता. ग्रेगॉरच्या तोंडाकडे बघून वाटलं, त्यानेही तो आत्ताच पहिल्यांदा ऐकला असावा.

"आरोपीच्या घरचं इथे कोणी आहे?"

तोंतों आतापर्यंत हसत होते. त्यांनी एकदा सभागृहभर नजर फिरवली, आमच्या जांभळ्या रांगांवरून. "नाही, साहेब," ते म्हणाले. "माझ्या घरचं इथे कोणी नाही."

ते विनोदाने म्हणाले नव्हते. नुसतं विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं. हशा विरला. व्हायोलिन घेऊन बसलेल्या माणसाने गज खाली ठेवला. ग्रेगॉर टोप सरळ करू लागला, आणि टोप होता सरळच.

आई उठली. गाणं अर्धवट असताना मुख्य गायिकेने जागा सोडायची नसते. तिने सोडली.

"जामीन मी देते."

ग्रेगॉरचा आवाज बसमधल्या नेहमीच्या ग्रेगॉरसारखा झाला, मऊ. "मा ऑनोरीन, घरच्या माणसानेच द्यायचाय. तुमचं आणि यांचं नातं काय?"

आईने एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकवला.

"नाताळानंतर सांगेल ती," तितीन पुटपुटली.

"तितीन, तू गप्प बस," आई म्हणाली. मग राजाकडे वळून, गाण्याची पहिली ओळ देते त्याच आवाजात, ती बोलू लागली. "मी मार्गरीटची आहे. मार्गरीटचीच राहणार. हा गुलाबाचा आहे, त्याला बदलायला मी सांगणार नाही. तुमच्यापैकी कोणाला दोन फुलांचं घर चालत नसेल, तर त्याने आमच्याकडे कोको प्यायला येऊ नये. आमच्यातलं आधी कोण जाईल ते देव बघेल. जो जाईल त्याला न्यायला दोन्ही मंडळांनी यायचं. त्यांनी डोलावं, तुम्ही ताठ चाला. पुढे कोणी आणि मागे कोणी, यावरून भांडण झालं तर ते दफनभूमीच्या फाटकाबाहेर मिटवा, आत आवाज नको."

तोंतों उभे राहिले होते. तितीनचा दंडुका अजून त्यांच्या खांद्यावरच होता, पण ती ते विसरली होती.

"ऑनोरीन," ते म्हणाले, "मर्लीनला मग मी काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. तू बोललास की दोन अर्थ निघतात. तिला मी फोन करीन." आईने खुर्चीवरचा हात काढला आणि ती त्यांच्याकडे वळली, त्या दिवशी पहिल्यांदाच. "तिला सांगीन, की खोलीला दुसरं कोणीतरी बघ, तुझ्या वडिलांशी मी लग्न करतेय."